एका हातात दोन गोळे की दोन हातांत एक चेंडू?

जरीच्या कापडाने मढवलेली डबी, आत दोन चकचकीत गोळे, एकावर ड्रॅगन, दुसऱ्यावर फिनिक्स. हलवले की किणकिण वाजतात. चीनला जाऊन आलेल्या माणसाच्या बॅगेतून हे हमखास निघतात. इकडे प्रदर्शनांत ते ‘चायनीज हेल्थ बॉल’ म्हणून मिळतात. मग कुणीतरी विचारतंच, “तायचीचा बॉल तो हाच ना?” हा नव्हे. तायची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला, तिचा चेंडू वेगळा. दोन्ही चिनी, दोन्ही गोल, दोन्ही गोल गोल फिरवायचे, म्हणून घोटाळा होतो.

डबीतले गोळे बाओडिंगचे. बीजिंगच्या नैऋत्येला हबेई प्रांतात हे जुनं शहर आहे. लोखंडी गोळे, गव्हाच्या पिठाची आंबवलेली चटणी आणि ‘चुनबुलाओ’ नावाचं पालेभाजीचं लोणचं ही तिथली तीन रत्नं मानतात. गोळ्यांची परंपरा मिंग काळापर्यंत (१३६८ ते १६४४) मागे नेतात. त्याआधीपासून लोक हातात अक्रोड घोळवत, आणि तो शौक बीजिंगमध्ये आजही जोरात आहे. एकाच तळव्यात दोन गोळे घ्यायचे आणि अंगठ्याने ढकलत, बोटांनी ओढत ते एकमेकांभोवती फिरवायचे. आधी ते एकमेकांवर आपटतात. हात बसला की घासत फिरतात, आणि मुरलेल्या माणसाच्या हातात एकमेकांना न शिवता फिरतात. सगळं काम बोटांचं. बाकीचं शरीर खुर्चीत बसून गप्पा मारत असलं तरी चालतं.

तायचीच्या चेंडूत याच्या बरोब्बर उलट आहे. तिथे बोटांनी काही करायचंच नाही. एकच मोठा चेंडू, बहुधा लाकडी, जुन्या तालमींत दगडाचाही. तो दोन तळव्यांमध्ये धरायचा, नव्हे, धरायचाच नाही. एक तळवा वर, एक खाली, लाडू वळताना असतात तसे. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे किंचित वाकलेले, चेंडू पोटासमोर. आता तो उभ्या किंवा आडव्या वर्तुळात फिरवत न्यायचा, फिरता फिरता वरचा तळवा खाली आणि खालचा वर. बोटांनी चेंडू आवळला की तो फिरत नाही, सोडला की पडतो. मधली जी जेमतेम चिकटण्याची अवस्था आहे, तीच शिकायची असते. आणि ती नुसत्या मनगटाने जमत नाही, वर्तुळ गुडघ्यांतून आणि कमरेतून यावं लागतं. तायचीतलं जुनं सूत्रच आहे: मूळ पावलांत, जोर पायांतून, हुकूम कमरेचा, बोटांत फक्त दिसतं. बाओडिंगचा खेळ जिथे सुरू होतो, तिथे हा संपतो.

श्वासातही फरक आहे. गोळ्यांना श्वासाची खास शिस्त नाही. चेंडू मात्र छिगोंगचा, म्हणजे श्वास आणि हालचाल जोडणाऱ्या चिनी व्यायामाचा, भाग असल्याने पोटाने श्वास घ्यायचा असतो. आरोग्यासाठी करणारा श्वास घेताना पोट फुगवतो. युद्धकलेसाठी करणारा पुढे उलटा श्वास शिकतो, म्हणजे घेताना पोट आत आणि सोडताना बाहेर, कारण ताकद श्वास सोडताना फेकायची असते. हा प्रकार यूट्यूबवर बघून करू नये, विशेषतः रक्तदाब असेल तर. समोर शिक्षक हवा.

कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर गोळ्यांनी पंजा तयार होतो, चेंडूने अंदाज. तायचीत ‘थुईशौ’ नावाचा जोडीचा सराव असतो. दोघांचे हात एकमेकांना चिकटलेले, आणि समोरच्याचा जोर कुठून येतोय हे कातडीनेच ओळखायचं. याला ते ‘थिंगजिन’, म्हणजे जोर ‘ऐकणं’, म्हणतात. चेंडू हा त्याच कामाचा मुका जोडीदार. एक तळवा ठेवून तो टेबलावर घोळवून बघा: दाब जरा जास्त झाला की अडतो, कमी झाला की निसटतो. दोघांनी मिळूनही तो फिरवता येतो, तेव्हा समोरच्याचा धक्का चेंडूतून पोचतो.

औषधी दाव्यांचं काय? तळव्यातले बिंदू दाबले जाऊन हृदय-यकृत सुधारतं, असं गोळ्यांच्या डबीवर लिहिलेलं असतं. ते मी मनावर घेत नाही. ताठरलेली बोटं मोकळी होणं, हाताचं कौशल्य वाढणं एवढं मात्र पटण्यासारखं आहे. तायचीची बाजू जास्त भक्कम: वृद्धांचं तोल जाऊन पडणं तिने कमी होतं, हे अभ्यासांत दिसलंय. अर्थात ते अभ्यास तायचीचे आहेत, चेंडूचे नव्हेत. पण गुडघे, कंबर आणि तोल चेंडूतही तसेच राबतात.

घ्यायला निघालात तर आणखी एक गफलत होते. ‘तायची बॉल’ म्हणून कधी कधी रबरी पडद्याची रॅकेट आणि आत वाळू असलेला छोटा चेंडू दाखवतात. ती ‘रौलीछिऊ’, १९९१ मध्ये शान्शी प्रांतात बाय रोंग यांनी काढलेली. खेळ झकास आहे, पण तिसराच. लाकडी चेंडू मिळेपर्यंत घरातला बास्केटबॉल चालतो. फक्त वजन नसल्यामुळे त्यावर चूक लवकर कळत नाही.