रिख्तहोफेनिया: शंभर वर्षांचा घोळ

आपलं उपवासाचं सैंधव पिढ्यानपिढ्या ज्या डोंगररांगेतून येत आलं, ती आज पाकिस्तानी पंजाबात आहे. तिथल्या पर्मियन काळातल्या, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या चुनखडकातले जीवाश्म डॉ. अँड्र्यू फ्लेमिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोळा केले. त्यांतल्या एका विचित्र कवचाला बेल्जियमच्या द कोनिंक यांनी १८६३ मध्ये ‘अनोमिया’ या द्विपुट शिंपल्यांच्या प्रजातीत बसवलं. पुढे जर्मन भूवैज्ञानिक रिख्तहोफेन यांनी चीनमधून आणलेल्या तशाच नमुन्यांवरून त्यांचेच देशबांधव कायझर यांनी १८८१ मध्ये ‘रिख्तहोफेनिया’ ही नवी प्रजाती केली.

नाव ठरलं, कूळ ठरेना. खालचं कवच खोल शंकूसारखं, तळाशी चिकटलेलं; वरचं झाकणासारखं, शंकूच्या तोंडाच्या आत बसणारं. शंकू उभा कापला तर आत पडदे आणि पोकळ कप्पे, थेट जुन्या प्रवाळांसारखे. बाहेरून बघावं तर क्रिटेशस काळातले रुडिस्ट शिंपले आठवतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या खडकांतले जीवाश्म वर्णन करणाऱ्या वागेन यांनी ही सगळी साम्यं मांडली आणि तरीही प्राण्याला ब्रॅकिओपॉडांतच (दोन कवचांचे, पण शिंपल्यांहून वेगळ्या कुळातले सागरी प्राणी) ठेवलं, फक्त ‘कोरॅलिऑप्सिडा’ असा वेगळा उपगट करून. मला यातला हा निर्णय सर्वांत धीट वाटतो.

गंमत म्हणजे याच्या नेमकं उलट युरोपात घडून गेलं होतं. पर्मियनच्याही आधीच्या डेव्होनियन काळातलं ‘कॅल्सिओला’ झाकणामुळे बराच काळ शिंपला मानलं गेलं. स्वीडनच्या लिंडस्ट्रॉम यांनी झाकण असलेले प्रवाळही असतात हे दाखवल्यावर ते प्रवाळांत गेलं. म्हणजे शंकू आणि झाकण यांवरून काहीच ठरत नाही.

रिख्तहोफेनियाच्या गटाची रचना नीट कळली ती टेक्सासच्या ग्लास पर्वतामुळे. तिथल्या चुनखडकात कवचांची जागा सिलिकेने घेतली आहे, त्यामुळे खडक हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि नाजूक काट्यांसकट कवच मागे उरतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या कूपर आणि ग्रँट यांनी असे ढीगभर नमुने मिळवले. आज हा गट काटेरी प्रॉडक्टिड ब्रॅकिओपॉडांत मोडतो. तळाला चिकटून वाढताना त्याचं कवच शंकू झालं, इतकंच.

तो खात कसा होता, हा वाद मात्र वेगळाच. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रडविक यांनी १९६१ मध्ये कवचाची प्रारूपं पाण्यात हलवून दाखवलं, की झाकण फडफडवून प्राणी पाणी आत ओढत असावा. सगळ्यांना ते पटलं नाही.