हळहळ आणि हिशेब

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेले दोन जण घ्या. दोघांची नजर मासुंदा तलावाच्या पाण्यावर आणि दोघांच्याही डोक्यात १९९९ साल: घोडबंदरला चालून आलेलं घर सोडलं, ते साल. घरचे दोघांनाही एकच सांगणार, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता पुढचं बघा." पण एक जण हळहळतोय आणि दुसरा हिशेब मांडतोय. दुसऱ्याला मध्येच उठवलं तर नुकसान आहे.

आमचे मामा हळहळणारे. लग्नाच्या पंगतीत पहिला घास पोटात गेला की सुरू: "घोडबंदरच्या कासारवडवलीला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं रे!" शेवट ठरलेला, "माझीच बुद्धी फिरली." इतक्या वर्षांत त्यात एक शब्द नवा आला नाही. हळहळ ओळखायची ती इथेच. तिचा प्रश्न असतो "माझ्याच बाबतीत असं का?", आणि त्याला उत्तर नसतं. कोळसा उगाळत बसायचं, दुसरं काय.

हिशेबाचे प्रश्न कोरडे असतात. तेव्हा हातात किती होते? हप्ता किती बसला असता? एकदा मीच मामांना बसवून हे विचारलं. निघालं असं की धाकट्या मावशीचं लग्न तोंडावर होतं आणि वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यात व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, कुजबुज सुरू होती. म्हणजे घर सोडलं ते शहाणपणच होतं! चूक झाली ती पुढे. नोकरी टिकली, तरी घाबरून दहा वर्षं पैसे बचत खात्यात पडू दिले. पण पंगतीत ही दहा वर्षं कधी येत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हाच फरक मोजून दाखवला. मनातल्या रवंथाची त्यांची २२ प्रश्नांची चाचणी होती. नैराश्याच्या लक्षणांशी मिसळणारे प्रश्न काढल्यावर उरलेल्या दहांचे दोन गट पडले, पाच कुढण्याचे आणि पाच चिंतनाचे. कुढणाऱ्यांचं नैराश्य पुढेही जास्तच दिसलं. चिंतनाने त्या वेळी त्रास दिसला, पण काही काळाने नैराश्य कमी आढळलं. तेव्हा हिशेब मांडताना जीव कासावीस झाला, तर तेवढ्यावरून ती हळहळ ठरत नाही. (बिचाऱ्या गाईच्या रवंथाने निदान चारा तरी पचतो.)

फसगत होते ती हळहळ भविष्याचा सदरा घालून येते तेव्हा. मामेभाऊ सध्या खारेगावला घर बघतोय. मामा रोज फोन करतात, "लगेच टोकन दे, नाहीतर माझ्यासारखं होईल." ऐकायला पुढचा विचार, आत तेच १९९९. परवा तो म्हणाला, "बाबा, आधी हप्ता काढू या." मामा गप्प झाले. मग चष्मा कुठे ठेवलाय म्हणून मामीला हाक मारली.