पार्श्वभूमी : ‘लक्ष ठेवा’ या दोन शब्दांमागे

गोव्यात फोंड्यात असो, डिचोलीत असो की पेडण्यात, दहावीच्या वर्गाची पालक सभा ‘मुलांवर लक्ष ठेवा’ हे ऐकल्याशिवाय संपत नाही. सांगणाऱ्याला मुलांची काळजीच असते. पण वयात येणारी मुलं परक्या माणसांवर विश्वास टाकायला कशी शिकतात, या अभ्यासात गेल्या पंचवीस वर्षांचा मोठा वाद याच दोन शब्दांचा आहे.

विश्वासाचा पाया तान्हेपणी पडतो, हे मत १९५० पासून रुजलं. साठच्या दशकात पालकांचे कडक, सैल आणि शिस्तीला मायेची जोड देणारे असे प्रकार पाडले गेले. १९८३ मध्ये त्यांत दुर्लक्ष करणाऱ्यांची भर पडली. ‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की सावध राहिलेलं बरं?’ हा प्रश्न १९८१ पासून अनेक देशांतल्या मूल्यविषयक पाहण्यांत विचारला जातो.

घोळ झाला तो नंतर. पालकांची देखरेख असली की मुलं वाईट वाटेला कमी लागतात, असं ऐंशी-नव्वदच्या दशकांतले अभ्यास सांगत होते. ही देखरेख मोजायची कशी? मूल शाळा सुटल्यावर कुठे जातं, कोणाबरोबर असतं, पैसे कशावर खर्च करतं, हे पालकांना कितपत ठाऊक आहे ते विचारायचं. म्हणजे मोजली पालकांची माहिती आणि तिला नाव दिलं देखरेख. ही माहिती आली कुठून, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

ती स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी केली. २००० साली त्यांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास मांडला. माहिती मिळण्याच्या त्यांनी तीन वाटा धरल्या : मूल आपणहून सांगतं, पालक विचारतात, किंवा पालक नियम घालतात. सर्वांत जास्त माहिती पहिल्या वाटेने येत होती. पालकांचा मुलावरचा विश्वासही मुख्यतः त्याच्या रोजच्या दिवसाची माहिती असण्यावर उभा असतो, हे त्यांच्या गटाने आदल्याच वर्षी दाखवलं होतं. यावर आक्षेप आले : मूल सांगतं तेही पालकांनी आधी काही केलं म्हणूनच ना? नियम आणि विचारपूस यांचाही उपयोग होतो, असं काही अभ्यासांत दिसलं. आक्षेपात तथ्य आहे. तरी एक गोष्ट हलली नाही, ती म्हणजे पाळत आणि जवळीक एकाच मापाने मोजता येत नाहीत.

घराबाहेरच्या विश्वासाचं उत्तर आणखी उशिरा आलं. अमेरिकेतल्या किशोरांवर २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात, मुलाचं मत विचारणाऱ्या आणि दुसऱ्याची कणव शिकवणाऱ्या घरांतल्या मुलांचा लोकांवरचा विश्वास वाढीला लागलेला दिसला. माणसांपासून सावध राहण्याच्या सूचनांनी काही वयोगटांत तो घटलाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अभ्यासात आईवडिलांचा आणि मुलांचा विश्वास एकमेकांशी जुळता आढळला.

‘बहुतेक माणसं’ म्हणजे कोण, हे मात्र देशागणिक बदलतं, आणि काही ठिकाणी उत्तर देणाऱ्याच्या मनात ओळखीचीच माणसं असतात, असं २०११ मध्ये दाखवून देण्यात आलं. गोव्यात हा मुद्दा लगेच पटतो. वाड्यावर कोणाचा मुलगा बसथांब्यावर किती वेळ उभा होता, हे शेजारच्या काकीकडून घरी कळायचं. मुलालाही काकी परकी नव्हती. आता भाड्याच्या खोल्यांत नवी माणसं आहेत आणि ‘भायल्यांपासून (बाहेरून आलेल्यांपासून) जपून’ हे मुलांच्या कानी लहानपणापासून पडतं. माझ्या मते या सूचनेची किंमत मुलं पुढे वसतिगृहात आणि नोकरीत मोजतात.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून फोन मुलांच्या हातात गेला. त्याच फोनवर मूल कुठे आहे हे आता नकाशावर दिसतं. पालकांना माहिती मिळते, पण तिच्यासाठी मुलाला तोंड उघडावं लागत नाही. पालक सभेत ‘तुम्ही लक्ष ठेवता का?’ असं आजही पालकांना विचारतात. ‘तू घरी काय काय सांगतोस?’ हे मुलाला विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.