टीव्हीजवळ बसल्याने चष्मा लागतो का?

‘टीव्ही जवळून पाहिला की डोळे कायमचे बिघडतात’ हा इशारा कित्येक वर्षे फिरतो आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारभर कूलरच्या वाऱ्यात मालिका पाहणाऱ्या मुलांना तो घरोघरी ऐकावा लागतो आणि त्यामागची काळजी खरीच असते.

या भीतीला एक जुने कारण आहे. काचेच्या नळीच्या संचांत उच्च दाबाच्या विजेमुळे क्ष-किरण निर्माण होत आणि १९६०च्या दशकात काही रंगीत संचांतून ते मर्यादेपेक्षा अधिक बाहेर पडल्याचे आढळले होते. आजच्या एलईडी संचांत ती नळीच नसते. जवळून पाहिल्याने डोळे थकतात, कोरडे पडतात, परंतु विश्रांतीनंतर पूर्ववत होतात.

पुष्कळदा कार्यकारणभाव नेमका उलटा असतो: ज्या मुलाला दूरचे धूसर दिसते, ते आपणहून पडद्याकडे सरकते, आणि त्याला केवळ रागावून मागे बसवले तर त्याची लघुदृष्टी लपूनच राहते. हे घरीही पडताळता येते. मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून, एकेक डोळा हलकेच झाकून, बातम्यांच्या पट्टीवरील अक्षरे वाचायला सांगावीत; चांगली दृष्टी असलेल्या व्यक्तीनेही तिथूनच ती वाचून पाहावीत. फरक जाणवल्यास नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.