पातळ पेज गिळायला सोपी असते का?

"अर्धांगाचा झटका येऊन जीभ जड झाली की पातळ पेज, नारळपाणीच द्यावं, आपोआप घशाखाली उतरतं." रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा सल्ला मायेपोटीच दिला जातो, पण तो धोक्याचा आहे.

गिळताना जीभ टाळूला टेकून घास मागे ढकलते आणि तेवढ्यात श्वासनलिका झाकली जाते. जीभ कमजोर असेल तर पेजेची निवळ तिच्यावर थांबतच नाही. श्वासनलिका झाकायच्या आधीच ती घशात घरंगळते, फुफ्फुसात जाते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दाटसर पेज हळू सरकते, म्हणून बऱ्याच जणांना झेपते. सगळ्यांना नाही, काहींच्या घशात ती साचून राहते.

घरी एवढं बघा: घोटानंतर ठसका लागतो का, आवाज ओला, घरघरता येतो का. मात्र ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. काहींना पाणी फुफ्फुसात जातानाही खोकला येत नाही. म्हणूनच मोजणी हवी. स्पीच थेरपिस्ट जीभ आणि टाळूमध्ये हवेचा छोटा फुगा ठेवून जिभेचा दाब किलोपास्कलमध्ये मोजू शकतात. हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब धरला की जिभेची हालचाल पडद्यावर दिसते. घास नेमका कुठे जातो, ते घासात बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ) मिसळून केलेल्या एक्स-रे चित्रणात कळतं. पेज किती दाट हवी आणि जिभेचे व्यायाम कोणते, हे त्यावरूनच ठरवायचं.