भरतीप्रवाह-मापन, स्वयंसेवी

भरती-ओहोटीमुळे पाण्याला येणाऱ्या आडव्या ओघाची दिशा व वेग मच्छीमार, हौशी नाविक इत्यादींनी आपापल्या फेरीत विनामोबदला नोंदवून सर्वेक्षकांना पुरवण्याची पद्धत. ओघ थांबण्याची वेळ पूर्ण भरतीच्या वेळेशी जुळतेच असे नाही. त्यामुळे किनाऱ्यावरील भरतीमापकावरून तो नेमका कळत नाही.

पद्धतीच्या उगमाबाबत मतभेद आहेत. काहींच्या मते तिचा आरंभ बेंजामिन फ्रँकलिनपासून होतो. अमेरिकेतील नॅनटकेट बेटाचा कप्तान टिमथी फोल्जर याच्या माहितीवरून त्याने सु. १७६९ मध्ये गल्फ प्रवाहाचा (अटलांटिकमधील उष्ण सागरी प्रवाहाचा) नकाशा छापवला. बंगालचा पहिला महासर्वेक्षक जेम्स रेनेल (१७४२–१८३०) याने जहाजांच्या रोजनाम्यांवरून अटलांटिकचे प्रवाह मांडले. तो ग्रंथ १८३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघाला. अमेरिकन नौदल अधिकारी मॅथ्यू मॉरी याचे नकाशे १८४७ पासून प्रसिद्ध होऊ लागले; रोजनामे पाठवणाऱ्या कप्तानांना ते फुकट मिळत. तथापि हे तिघेही महासागरी प्रवाहांचे अभ्यासक होत. इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल याची जून १८३५ मधील बहुराष्ट्रीय मोहीम भरतीचीच, पण तीत पाण्याची उंची मोजली गेली आणि ब्रिटनमधील मोजणारे मुख्यतः पगारी तटरक्षक होते. तेव्हा देवाणघेवाणीची रीत मॉरीची आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजण्याची कल्पना ह्यूएलची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

आज उपग्रहावरून मिळणाऱ्या नौकेच्या गतीतून तिची पाण्याशी सापेक्ष गती, दोन्हींच्या दिशा धरून, वजा करतात. उरतो तो ओघ. ओघ पाठीशी असताना तळाच्या चक्रीवर (नौकेची पाण्यातील गती मोजणाऱ्या फिरत्या चाकावर) ५ नॉट (ताशी सागरी मैल) आणि जीपीएसवर ७ नॉट दिसले, तर ओघ २ नॉटचा. चक्रीवर शेवाळ साचले की ती कमी फिरते: ६ नॉटवर ५ टक्के चूक म्हणजे ०.३ नॉट, आणि मंद खाडीत ओघच तेवढा असू शकतो. म्हणून तेच अंतर उलट दिशेनेही कापतात. वाऱ्याने नौका बाजूला सरकते, तेही ओघाच्या खाती पडते. भरतीचे मुख्य चांद्र आवर्तन सु. १२ तास २५ मिनिटांचे, सौर बरोबर १२ तासांचे. दोन्ही वेगळी काढायला सु. १५ दिवसांच्या नोंदी लागतात. एका फेरीने भागत नाही, पण अनेकांच्या फेऱ्या जवळच्या बंदराच्या भरतीवेळेशी जोडल्या तर चित्र उभे राहते.

कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरील डोल जाळे (ओघात रोवून ठेवलेले पिशवीसारखे जाळे) ओघाच्या जोरावरच भरते आणि ओघ मंदावला की उपसले जाते. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) तुलनेत भांगात (लहान भरतीच्या दिवसांत) ही मासेमारी कमी होते.