आपल्या प्रयोगशाळेतील उपकरणांचे कॅलिब्रेशन : ग्राहकांसाठी माहिती

कामाची मागणी पाठवताना अनेक ग्राहक ‘काटा व्यवस्थित करून द्यावा’ असे लिहितात, म्हणून प्रथम हे स्पष्ट करतो की कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. ज्याचे मूल्य खात्रीने ठाऊक आहे अशा प्रमाणाशी आपल्या उपकरणाच्या वाचनाची तुलना करून फरक किती पडतो आणि त्या फरकाच्या आकड्यात किती अनिश्चितता उरते, एवढेच त्यात नोंदवले जाते. काटा जुळवणे हे वेगळे काम आहे. ते करायचे असल्यास जुळवणीपूर्वीची आणि नंतरची अशी दोन्ही वाचने आपण आग्रहाने मागून घ्यावीत, कारण आधीचे वाचन मर्यादेबाहेर असेल तर मधल्या काळात दिलेले अहवाल पुन्हा तपासावे लागतात, आणि आधीच्या आकड्यांशिवाय तो निर्णय घेता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक काटा आम्ही आमच्याकडे मागवत नाही, आपल्या टेबलावर येऊनच तपासतो. असा काटा वस्तुमान थेट मोजत नाही, पारड्यावर पडणारे बल मोजतो, आणि हे बल स्थळानुसार बदलते. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत आणला, तर 200 ग्रॅमच्या वजनाला तो सुमारे 0.1 ग्रॅम कमी दाखवतो. इतकेच काय, त्याच इमारतीत तळमजल्यावरून दहाव्या मजल्यावर नेला तरी जवळपास 2 मिलिग्रॅमचा फरक पडतो, जो 0.1 मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर स्पष्ट दिसतो. म्हणून काटा हलवल्यास जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. रेल्वेमार्गालगतच्या गाळ्यात कंपनांचा त्रास होऊ नये म्हणून काटा जड दगडी टेबलावर, एसीच्या झोतापासून दूर ठेवावा.

मायक्रोपिपेटची (अगदी थोडे द्रव मोजून घेणाऱ्या नळीची) तपासणी पाण्याचे वजन करून होते: 25 अंश सेल्सिअसला 1000 मायक्रोलिटर शुद्ध पाणी हवेत सुमारे 0.996 ग्रॅम भरते. पीएच मीटर (आम्लता मोजणारे उपकरण) मात्र आपण स्वतःच रोज ताज्या बफर द्रावणांनी, म्हणजे ज्यांचा पीएच ठाऊक आहे अशा द्रावणांनी, तपासावा. उघडून ठेवलेल्या 10.01 पीएचच्या बफरचा पीएच हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषल्याने उतरतो.

प्रमाणपत्र हाती आल्यावर ते फाइलला लावण्यापूर्वी वाचावे. त्यातील प्रमाणांची साखळी, म्हणजे एक प्रमाण त्याहून वरच्या प्रमाणाशी ताडल्याची नोंद, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा तत्सम राष्ट्रीय संस्थेपर्यंत पोहोचते का, आणि आपण ज्या श्रेणीत मोजता त्या श्रेणीतील बिंदू तपासले आहेत का, हे पाहावे. वैधमापन विभागाचा (वजने-मापे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का व्यापारी वापरासाठी असतो. तो कॅलिब्रेशनची जागा घेत नाही. प्रमाणपत्रावर पुढील कॅलिब्रेशनची तारीख नसल्याबद्दल अनेकदा विचारणा होते. आयएसओ 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्राहकाशी तसे ठरले नसेल तर ती लिहिता येत नाही. वापर किती आणि मागील नोंदी काय सांगतात, हे पाहून मुदत आपणच ठरवायची असते.

आमचे तंत्रज्ञ येण्यापूर्वी काटा आणि खोलीतील एसी निदान एक तास सुरू ठेवावा. पावसाळ्यात पारडे व काचेचे दार आदल्या दिवशीच कोरडे पुसून ठेवावे.